तीन वर्षांनी विचार

अमेरिकेत मला राग येईल अशा गोष्टी पुष्कळ आहेत, पण एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी येतो तसा राग वर्षभरात दुसरा येत नाही. आदल्या संध्याकाळी फुटबॉलचा ड्राफ्ट सुरू झालेला असतो. म्हणजे इथलं फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं. बत्तीस टीम ओळीने कॉलेजातली पोरं निवडतात, आणि गेल्या वर्षी जिची सगळ्यात जास्त धूळधाण झाली तिचा नंबर सगळ्यात आधी. आमच्या टीमचा नंबर बहुतेक वेळा आधीच असतो, यावरून काय ते समजा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरानं अजून नवी जर्सी अंगात घातलेली नसते, तोवर टीव्हीवरची सुटातली माणसं त्याला ए, बी, सी, एफ अशा ग्रेड वाटून मोकळी झालेली असतात. एफ म्हणजे नापास. एकही मॅच न खेळता नापास!

मी असल्या ग्रेड देत नाही. तीन वर्षं झाल्याशिवाय मी कुठल्याही पोराबद्दल बरंवाईट बोलत नाही. पहिल्या वर्षी तो घाबरलेला असतो, दुसऱ्या वर्षी दुखापतीत जातो, तिसऱ्या वर्षी कळतं काय माल आहे ते. शॉमबर्ग गावातल्या आमच्या मराठी मित्रांच्या ग्रुपवर कुणी विचारलं, "दादाराव, पिक कसा वाटला?" की माझं एकच उत्तर असतं, तीन वर्षांनी विचार. लोक हसतात. बायको, कांता, म्हणते की तुम्ही लग्नाच्या तिसऱ्या वाढदिवसापर्यंत मलाही काही बोलला नव्हतात. तेही खरं आहे.

ग्रुपमधला नंदू माझ्या बरोबर उलटा. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच्या ग्रेड ग्रुपवर हजर, एक्सेलच्या तक्त्यात, रंगबिरंगी रकाने करून. एका इन्शुरन्स कंपनीत पंचवीस वर्षं तो हेच काम करत आला, कोण किती जगेल आणि कुणाची गाडी कधी आपटेल याचे अंदाज बांधायचं. फुटबॉलमध्ये मात्र त्याचा अंदाज एकदाही धड लागला नाही. ज्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, त्याने ए प्लस दिला होता तो आता टेनेसीत गाड्या विकतो. ज्याला एफ दिला तो पुढे कॅप्टन झाला. हे मी त्याला दर वर्षी ऐकवतो, आणि तो दर वर्षी म्हणतो, "अरे दाद्या, अंदाज चुकायची पण मजा असते, यार. तू घे तुझी तीन वर्षं."

ही तीन वर्षं मुळात त्याचीच आहेत. ते सांगायला हवं.

एक्याण्णव साली मी हिंगणघाटहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर यादी लागली होती, नाव, मार्क, आणि त्यापुढे कॅटेगरी. होस्टेलच्या खोलीत ट्रंक ठेवली तेव्हा नंदू आधीच खिडकीजवळची कॉट धरून बसला होता. सदाशिव पेठेतलं पोरगं, पण घरात दोन काका आणि सात भावंडं, म्हणून अभ्यासासाठी होस्टेलला आलेलं. माझ्याशी नीट बोलला. दोन दिवसांनी मला ऑफिसात बोलावणं आलं. तिथल्या क्लार्कने माझ्यादेखत एक अर्ज मोठ्याने वाचला. विषय : खोली बदलून मिळणेबाबत. "सदर विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर टिकण्याची शक्यता कमी असल्याने व मला अभ्यासासाठी कायमस्वरूपी जोडीदाराची आवश्यकता असल्याने..." खाली नंदूची सही, वळणदार. वाचून झाल्यावर क्लार्कने मला विचारलं, "काय रे, टिकणार का तू?" आणि बाजूचे दोघं हसले.

माझा अजून एकही तास झालेला नव्हता.

दुसरी खोली रिकामी नव्हती म्हणून अर्ज फेटाळला गेला. त्याच खोलीत आम्ही दोघं राहिलो, आणि दोन वर्षं मी त्याच्याशी कामापुरतं बोललो. तिसऱ्या वर्षी मी वर्गात पहिला आलो आणि नंदूचे दोन विषय राहिले. एका दुपारी तो वही घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसला. म्हणाला, "जयभीम. मी चुकलो. कळायला तीन वर्षं लागली मला." मी वही उघडून त्याला पहिलं गणित करून दाखवलं. माफ केलं असं मी म्हणालो नाही, त्यानेही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो मला जयभीमच घालतो, त्याच्या आईसमोर, त्याच्या काकांसमोर, इथे ऑफिसातल्या लोकांसमोरसुद्धा. पुढे आम्ही एकाच वर्षी अमेरिकेत आलो आणि शॉमबर्गमध्ये दहा मिनिटांच्या अंतरावर घरं घेतली. माझ्या मुलीचं नाव जागृती ठेवताना पाळण्याशी तोच उभा होता. सख्ख्या भावाने केलं नसतं इतकं त्याने माझ्यासाठी केलं आहे, आणि हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही. आम्ही फुटबॉलवर भांडतो.

गेल्या नोव्हेंबरात नंदूला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला.

इथले डॉक्टर पेशंटला तोंडावर सगळं सांगतात. पहिल्याच भेटीत त्या डॉक्टरबाईंनी नंदूला विचारलं, तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे? नंदू म्हणाला, "नो नंबर्स, प्लीज. टेल माय वाइफ." तसा कागदही त्याने सही करून दिला. मी त्यांना घेऊन गेलो होतो, बाहेर बसलो होतो. गाडीत तो मला म्हणाला, "मी आयुष्यभर लोकांचे आकडे काढले, दाद्या. माझा आकडा कळला ना, तर मी रोज सकाळी उठून वजाबाकी करत बसेन. मला नाही करायची ती वजाबाकी." मागच्या सीटवर त्याची बायको लता खिडकीबाहेर बघत होती.

म्हणजे आकडा लताच्या एकटीच्या उशाला.

केमो झाली, परत झाली, मग थांबवली. का थांबवली ते नंदूने विचारलं नाही. "बॉडीला ब्रेक देतायत," असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि लता मान डोलवायची. एप्रिलमध्ये तो दिवसातून चौदा-पंधरा तास झोपायला लागला. दर वर्षी ड्राफ्ट आम्ही त्याच्याकडे बघतो. या वर्षी गुरुवारी संध्याकाळी लताचा मेसेज आला की ते साडेसहालाच झोपले, तुम्ही घरीच बघा. मी घरी एकट्याने बघितला. आमच्या टीमने वेस्ली ग्रंडी नावाचा आयोवाकडचा पोरगा घेतला. सहा फूट सहा इंच. लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पाठीमागून जो मार येतो तो अंगावर घेणारा. नंदू वीस वर्षं याच एका पोरासाठी रडत होता. "आपल्याला एक भिंत द्या, बस्स," असं तो दर एप्रिलला टीव्हीला सांगायचा.

शुक्रवारी सकाळी सहा वाजले, सात वाजले, ग्रुपवर तक्ता आला नाही. दर वर्षी तो तक्ता बघून माझं डोकं फिरतं. या वर्षी तो आला नाही म्हणून मी दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघत राहिलो.

दुपारी लताचा फोन आला. दुकानातून आलंलिंबू आणि मऊ तांदूळ आणाल का, असं तिने विचारलं. मी सामान घेऊन गेलो तर ती गॅरेजमध्येच उभी होती. इथल्या घरात खाजगी बोलायला तेवढी एकच जागा, बाकी सगळीकडे ऐकू जातं. तिने गॅरेजचं दार अर्धं खाली केलं.

"भाऊजी, बुधवारी डॉक्टरांचा फोन होता. सहा आठवडे म्हणाल्या. फार तर आठ."

मी तांदळाची पिशवी धरून उभा राहिलो. एप्रिल, मे, जून. नको असताना माझ्याच डोक्यात ती वजाबाकी सुरू झाली. फुटबॉलचा सीझन सप्टेंबरात सुरू होतो.

"त्यांना नाही सांगायचं," लता म्हणाली. "त्यांनीच सांगितलंय तसं. ते अजून प्लॅन करतायत, भाऊजी. सप्टेंबरच्या पहिल्या गेमची तिकिटं बघा म्हणतायत. मला तेवढं एक राखायचंय. बाकी माझ्या हातात काहीच राहिलं नाही."

"मी कशाला सांगेन, वहिनी?"

"तुम्ही सांगणार नाही हो. पण तुमचं तोंड सांगेल. उद्या याल तेव्हा रडायचं नाही. जवळ घ्यायचं नाही. जुनं काही काढायचं नाही. परवा ग्रुपमधला सौमित्र येऊन त्यांचे हात हातात घेऊन बसला, मला त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. तुम्ही नेहमीसारखे भांडा. तुम्ही भांडलात ना, की त्यांना वाटतं सगळं ठीक चाललंय." एवढं बोलून तिने पदराने नव्हे, गॅरेजमधल्या पेपर टॉवेलने डोळे पुसले, आणि आत जाताना चेहरा असा सरळ केला की मला तिची भीती वाटली. पाच महिने ही बाई रोज हे करत होती.

घरी येऊन मी कांताला सांगितलं. ती रडली. मी रडलो नाही, मी लॉन कापलं. एप्रिलमध्ये कापण्यासारखं तिथे काही नव्हतं.

शनिवारी अकराला मी गेलो. तयारी करून गेलो, परीक्षेला जावं तसा. दारातच ओरडलो, "काय हे, ड्राइव्हवेवर पेपर तीन दिवस पडलेत, कुणी उचलायचे?" नंदू रिक्लायनरमध्ये होता, अंगावर दोन ब्लँकेटं. गळ्याखालची हाडं वर आली होती, चेहरा पिवळा पडला होता. मी तिकडे न बघता टीव्हीकडे बघितलं. टीव्हीवर ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्या चालू होत्या.

"जयभीम, दाद्या," तो म्हणाला. आवाज कापसासारखा.

"जयभीम. आवाज वाढव, काही ऐकू येत नाही."

"टीव्हीचा का माझा?"

"दोन्हीचा."

तो हसला. किचनमध्ये लताच्या भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. मला वाटलं, जमतंय. मग मी चहावरून भांडलो, साखर कमी आहे म्हणून. आमच्या कोचवरून भांडलो. तिकिटांचं त्याने काढलं तेव्हा मी म्हणालो, सप्टेंबरात वरच्या मजल्यावरची सीट घेऊ नको, मागच्या वेळी माझी मान धरली होती. एक अक्षर चुकलो नाही. सप्टेंबर हा शब्द मी इतक्या सहज म्हणालो की माझी मलाच लाज वाटली.

मग टीव्हीवर ग्रंडी दाखवला. गुरुवारची क्लिप, आईला मिठी मारून रडणारा एवढा मोठा पोरगा. खाली पट्टीवर ग्रेड आली : सी मायनस. सुटातला माणूस म्हणाला की याचे हात आखूड आहेत, हा या लीगमध्ये टिकेल असं मला वाटत नाही.

"हलकट," मी म्हणालो. हे मात्र मनापासून.

नंदू बराच वेळ टीव्हीकडे बघत होता. मग त्याने मान माझ्याकडे वळवली. तेवढ्यानेही त्याला धाप लागली.

"या वर्षी मी तक्ता नाही केला. डोकं चालत नाही केमोनंतर," तो म्हणाला. "तू सांग. कसा वाटला पोरगा?"

त्याच्या तोंडाचे कोपरे जरा वर गेले होते. माझं नेहमीचं उत्तर ऐकायला तो तयार होऊन बसला होता, दर वर्षी ऐकलेलं. मला ते दिसलं, आणि तरी मला ते दिसलं नाही. मला फक्त ती हाडं दिसत होती. डोक्यात आलं, हा माणूस वीस वर्षं एका भिंतीसाठी थांबला, आणि ती भिंत उभी राहील तेव्हा हा नसेल. याला ती मिळाल्याची बातमी कळायला हवी. आत्ता कळायला हवी. टीव्हीवरचा तो मूर्ख सी मायनस याच्या कानात शेवटचा राहता कामा नये. एवढं दिलं तर काय बिघडलं?

"ए," मी म्हणालो.

"काय?"

"ए रे. ए प्लस म्हण. सोनं आहे हा पोरगा. दहा वर्षं हलत नाही तो तिथून. आखूड हात म्हणे! पाय बघ त्याचे. मी सांगतो तुला, नंद्या, मिळाली आपल्याला भिंत." मी बोलतच गेलो. माझा आवाज मला छान वाटत होता. मोकळा.

मी थांबलो तेव्हा त्याच्या तोंडाचे कोपरे खाली आले होते. तो माझ्याकडे बघत होता. हिशोब तपासताना एखादा रकाना जुळत नाही तेव्हा तो चष्म्यावरून बघायचा, तसा.

"तीन वर्षं?" तो हळूच म्हणाला.

"अरे, ते... यंदा अपवाद. इतका चांगला आहे ना, की..."

"तीन वर्षं नाही?"

मी रिकामा कप तोंडाला लावला.

"सप्टेंबर?"

मी टीव्हीकडे बघितलं. टीव्हीकडे बघायला नको होतं. त्या वेळी मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून "गंमत केली रे, तीन वर्षांनी विचार," असं म्हणालो असतो तर कदाचित अजूनही सावरलं असतं. पण माझ्या तोंडाने जे करायचं ते करून टाकलं होतं. लता बरोबर बोलली होती. मी रडलो नाही, जवळ घेतलं नाही, जुनं काढलं नाही. त्याला मार्क नकोच होते. त्याला ती तीन वर्षं हवी होती. दर वर्षी फुकट वाटतो ती, माझ्या तोंडातली, नुसती बोलायची तीन वर्षं. तेवढीच त्याने मागितली होती आणि मी ती दिली नाही.

"बरं," नंदू म्हणाला. डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग डोळे न उघडताच त्याने विचारलं, "आता खरं सांग. पोरगा कसा आहे?"

"माहीत नाही रे," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं."

"हां," तो म्हणाला. "हे बरोबर."

लता पेजेची वाटी घेऊन आली. दोन पावलांवर थांबली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिने सरळ केलेला तो चेहरा माझ्या डोळ्यांदेखत सुटत गेला.

"काय बोललात तुम्ही त्यांना?"

"काही नाही, वहिनी. शपथ घेऊन सांगतो. त्याने फुटबॉलचं विचारलं. मी फक्त मार्क दिले."

तिला त्यातलं काही कळेना. आमची ती भांडणं तीस वर्षं तिने किचनमधून ऐकली होती, कधी लक्ष दिलं नव्हतं. ती परत परत विचारत होती, "मार्क? कसले मार्क? भाऊजी, काय बोललात?" आणि मी उभा होतो, हातात रिकामा कप घेऊन.

"त्याला नको विचारू, लता," नंदू म्हणाला. "इकडे ये. मला सांग, किती?"